छुप्या क्लिपचा लाकडी डेक वाजतोय, फळी हलतेय? क्लिप बदलण्याआधी हे तपासा

नवरात्राच्या आसपास माझा फोन जास्त वाजतो. पाऊस ओसरलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलेलं असतं आणि नाशिकच्या गंगापूर रोडच्या एखाद्या टेरेसवरून, नाहीतर गिरणाऱ्याच्या बाजूच्या फार्महाऊसवरून तेच वाक्य कानावर येतं: "मिस्त्री, डेक वाजतोय. क्लिपा बदलून द्या."

क्लिपा बदलायला माझी ना नाही. पण गेल्या चौदा वर्षांत या एका तक्रारीपायी मी जितके डेक उघडले, त्यातल्या बहुतेकांत क्लिप धडधाकट निघाली. बिघाड होता तो फळीच्या खाचेत, खालच्या जॉइस्टमध्ये, नाहीतर पाणी वाहून जायच्या वाटेत. त्याच जागी नवी क्लिप बसवली की पुढच्या दसऱ्याला पुन्हा तोच आवाज. एका ठिकाणी तर दोन वर्षांत दोनदा क्लिपा बदलून झाल्या होत्या आणि दोष होता मोझॅकच्या एका तुकड्यात. ते पुढे सांगतोच.

डेक म्हणजे टेरेसवर किंवा उघड्यावर टाकलेली लाकडी फळ्यांची जमीन. ज्यांनी तो उघडलेला पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी रचना. खाली आडव्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही जॉइस्ट म्हणतो. कुठे लाकडाच्या, पण आपल्याकडे बऱ्याचदा लोखंडी चौकोनी पाइपच्या. त्यावर फळ्या. फळीच्या दोन्ही कडांना लांबीभर एक खाच मारलेली असते. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत क्लिप बसते, तिचे दोन पंख दोन्ही बाजूंच्या खाचांत शिरतात आणि क्लिपमधला स्क्रू जॉइस्टमध्ये उतरतो. वरून एकही स्क्रू दिसत नाही. म्हणजे अख्खी फळी खाचेच्या खालच्या ओठावर धरलेली असते, आणि तो ओठ २५ मिमीच्या फळीत जेमतेम १० मिमी जाडीचा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिथूनच येतं.

लक्षणं

- चालताना खटखट: पाय टेकला की एकदा, उचलला की एकदा. फळी वरखाली होतेय.
- करकर किंवा चरचर: लाकूड धातूवर घासतंय. त्रास आवाजापुरता, धोका कमी.
- बोटांनी फळीची कड उचलली तर उचलली जाते, किंवा पायाने रेटली तर लांबीत सरकते.
- फटी सारख्या नाहीत. तीन-चार फटी मिटलेल्या आणि पाचवीत बोट जातंय.
- फळीच्या दोन्ही कडा वर आणि मध्ये खळगा, त्यात पाणी साचतं.
- फटीच्या कडेला काळे डाग. सागातल्या टॅनिन नावाच्या द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की असा डाग पडतो. तो बुरशीचा समजून लोक घासत बसतात.
- डेकखाली स्क्रूची तुटलेली डोकी सापडतात.
- पायाखाली डेक स्प्रिंगसारखा दबतो. हे लक्षण बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. ते दिसलं तर खालच्या सोप्या तपासण्या सोडून थेट जॉइस्टकडे जा.

संध्याकाळी कोणी चालत नसताना येणारा एखाददुसरा "टक" मी यात धरत नाही. तीन मीटरचा लोखंडी पाइप दुपारपेक्षा तीस अंशांनी थंड झाला की साधारण एक मिलिमीटरने आखडतो, ॲल्युमिनियमचा दोन मिलिमीटरने. लाकूड लांबीत तसं आखडत नाही. दोघांच्या चालीतला हा फरक स्क्रूपाशी आवाज करतो. त्याला काही करायचं नाही.

हे पावसाळ्यानंतरच का होतं

लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. फळीचं टोक बघा. झाडाच्या वाढीची वर्तुळं आडवी पडलेली दिसली तर ती फळी रुंदीत जास्त चालते, म्हणजे फुगते-आकसते, उभी दिसली तर साधारण निम्मी. आडव्या वर्तुळांच्या सागात ओलावा एक टक्का वाढला की रुंदी सुमारे ०.१८ टक्के वाढते. मे महिना आणि ऑगस्ट यांच्यात उघड्या डेकवर सहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. १४० मिमीची फळी म्हणजे दीड मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण चार मीटर रुंदीच्या डेकमध्ये अशा अठ्ठावीस फळ्या बसतात, त्यांचं मिळून ४२ मिमी झालं. आयपे, बलाऊ ही बाहेरून येणारी जड लाकडं सागापेक्षाही जास्त फुगतात.

या फुगण्याला फटीत जागा मिळाली तर काहीच होत नाही. जागा नसली तर फळी क्लिपवर चेपते. स्टील मागे हटत नाही, मग लाकूड चेचतं: खाचेच्या आतले तंतू दबून बसतात. पाऊस संपतो, ऊन पडतं, फळी आकसते, पण चेचलेले तंतू पूर्ववत होत नाहीत. आता खाच क्लिपपेक्षा मोठी झाली आणि फळी सैल पडली. ऑक्टोबरात ऐकू येणारी खटखट ही जुलै-ऑगस्टमध्ये झालेली इजा असते.

म्हणूनच दुरुस्तीची वेळ महत्त्वाची. भर पावसात फळ्या फुगलेल्या असताना सगळं घट्ट वाटतं आणि काही करायची गरज दिसत नाही. उलट मेमध्ये फटी रुंद दिसतात म्हणून कोणी फळ्या जवळ सरकवल्या, तर ऑगस्टमध्ये त्या वर उचलल्या जातात. हे माझ्या हातून झालेलं आहे. उंच टाचांच्या चपला अडकतात म्हणून फट कमी करा असा आग्रह होता आणि मी मे महिन्यात कोरड्या सागाच्या फळ्या दोन मिलिमीटरवर बसवल्या. ऑगस्टमध्ये मधल्या तीन फळ्या कमानीसारख्या उठल्या. तेव्हापासून कोरड्या दिवसांत बसवलेल्या फळीला मी पाच मिलिमीटरपेक्षा कमी फट देत नाही, मागणी कुणाचीही असो. पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या बसवायची वेळ आलीच तर तीन पुरते. दुरुस्तीला मला नोव्हेंबर-डिसेंबर सगळ्यांत बरा वाटतो. तेव्हा लाकूड ना भिजलेलं असतं ना तडकलेलं.

पहिली तपासणी: फटी साफ करा

पैसे लागत नाहीत, अर्धा दिवस जातो. कडुनिंबाची पानं, गुलमोहराच्या पाकळ्या, कुंडीतली माती, हे सगळं फटीत जाऊन दाबलं जातं. मिटलेली फट आणि नसलेली फट यांत लाकडाला फरक कळत नाही. शिवाय तो गाळ पाऊस थांबल्यावरही आठवडाभर ओला राहतो आणि फळीच्या कडा तेवढ्या भिजत ठेवतो.

प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा जुनं हॅकसॉ ब्लेड घ्या. ब्लेडला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे कड खरवडली जाणार नाही. क्लिपपाशी जोर लावू नका. प्रेशरचा फवारा फटीत सोडू नका. त्याने गाळ खाली जाऊन जॉइस्टवर बसतो आणि सागाचे मऊ तंतूही उडतात. फटीत कोणी सिलिकॉन भरलेलं असेल तर ते सगळं काढा. खाली पाणी जाऊ नये म्हणून हे केलेलं असतं, पण पाणी कुठून ना कुठून जातंच आणि मग बाहेर यायला वाट उरत नाही.

साफ केल्यावर दोन-तीन कोरडे आठवडे जाऊ द्या. निव्वळ एवढ्याने आवाज गेलेले डेक मी पाहिले आहेत.

दुसरी: फटी मोजा

ड्रिलचे बिट घ्या, ३, ४, ५ आणि ६ मिमीचे. फटीत उभे घालून बघा कोणतं सरळ जातं. यापेक्षा सोपं माप नाही. प्रत्येक फट भिंतीकडून मोजत कागदावर लिहा.

सगळ्या फटी थोड्याफार सारख्या असतील तर क्लिपा आपापल्या जागी आहेत. काही मिटलेल्या आणि लगेच पुढची उघडी, असं असेल तर त्या पट्ट्यातल्या फळ्या एका बाजूला ढकलल्या गेल्यात. तिथे स्क्रू तुटलेला किंवा उपटलेला सापडण्याची शक्यता मोठी. भिंतीलगतची फट बघायला विसरू नका. तिथे दहा-बारा मिलिमीटर मोकळी जागा हवी. पुष्कळदा तिथे स्कर्टिंग किंवा सिमेंट भरून टाकलेलं असतं आणि अख्ख्या डेकचं फुगणं मधल्या फळ्यांवर येतं.

गोदावरीला पूर किती आला हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतात: कमरेला लागलं, छातीला लागलं. तसा डेकवरही एक कायमचा मारुती ठरवून ठेवा. एकच फट, एकच जागा, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिचं माप. वर्षभराचे बारा आकडे हातात असले की तुमचं लाकूड किती चालतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट कळेल.

तिसरी: खडूची तपासणी

माझ्या मते सगळ्यांत मोलाची तपासणी हीच, आणि नेमकी हीच कोणी करत नाही. दोघं लागतात. एकाने अनवाणी, सावकाश, प्रत्येक फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. दुसऱ्याने गुडघ्यावर बसून तळहात फळीवर ठेवायचा. कान फसवतो, आवाज एकीकडे होतो आणि येतो दुसरीकडून. हात फसत नाही. जिथे धक्का लागेल तिथे खडूने फुली.

सगळा डेक झाला की उभं राहून फुल्यांची नक्षी बघा.

फुल्या एकाच फळीच्या लांबीवर पडल्या असतील तर दोष त्या फळीचा: खाच चेचली आहे किंवा ओठ फुटला आहे.

फुल्या फळ्यांना आडव्या, एका सरळ रेषेत पडल्या असतील तर दोष त्या रेषेखालच्या जॉइस्टचा. इथे क्लिपांना हात लावायचं कारणच नाही.

फुल्या जिथे दोन फळ्यांची टोकं जुळतात तिथेच असतील तर सांधा चुकलाय. दोन टोकं एकाच अरुंद जॉइस्टवर एकाच क्लिपमध्ये टेकवलेली असतात. तिथे जॉइस्ट जोडीने हवी आणि प्रत्येक टोकाला स्वतःची क्लिप हवी. ही चूक मला जवळपास प्रत्येक दुसऱ्या डेकवर भेटते, कारण जॉइस्टची जोडी लावायची तर पाइप जास्त लागतो.

आणि फुल्या कुठेही विखुरलेल्या असतील तर बहुधा स्क्रूचाच माल चुकीचा आहे. त्यासाठी पुढची तपासणी.

आता तो मोझॅकचा तुकडा. त्र्यंबक रोडला एका काकूंच्या टेरेसवरचा डेक. त्या म्हणाल्या, "दादा, रात्री मांजर गेलं तरी जाग येते. दोनदा क्लिपा बदलल्या, आता डेकच काढून टाकायचा विचार आहे." खडूने फुल्या मारल्या तर अकरापैकी दहा एका रेषेत. कडेची पट्टी काढून टॉर्च मारला. जॉइस्टखाली उंची कमीजास्त करायचे प्लास्टिकचे पाय होते, त्यातल्या दोन पायांखालचा चायना मोझॅक उखडला होता आणि पाय अधांतरी लटकत होते. वरून कोणी चाललं की जॉइस्ट तेवढी खाली जाऊन परत वर यायची. मोझॅकचे सुटे तुकडे काढले, खाली रबराचा चौकोन ठेवला, पायाची चकती फिरवून टेकवला. आवाज बंद. क्लिप एकही बदलली नाही.

चौथी: चुंबक

फ्रिजवरचं चुंबक चालेल, स्पीकरमधलं असेल तर उत्तम. फटीतून दिसणाऱ्या स्क्रूच्या डोक्याला लावा.

३०४ प्रतीच्या स्टेनलेसला चुंबक धरत नाही किंवा अगदी नाममात्र धरतं. घट्ट चिकटलं तर तो स्क्रू एकतर साध्या लोखंडाचा आहे, नाहीतर ४१० प्रतीचा. ४१० हे चमकणारं, स्टेनलेस म्हणूनच विकलं जाणारं पण लवकर गंजणारं स्टील आहे. ते वापरण्यामागे कारणही असतं: लोखंडी पाइपमध्ये स्वतः भोक पाडत जाणाऱ्या स्क्रूला टणक टोक लागतं आणि ३०४ तितकं टणक नसतं. यावरचा मार्ग म्हणजे आधी ड्रिलने भोक पाडून मग ३०४ चा स्क्रू लावणं. वेळ दुप्पट जातो, पण मी तेच करतो. नाशिकला खारी हवा नाही, त्यामुळे ३०४ पुरतं. स्विमिंग पूलच्या काठाला क्लोरीन असतं, तिथे ३१६ घ्यावं.

जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू सापडले तर मात्र पुढचा विचार करू नका, सगळे काढा. ते घरातल्या कोरड्या कामाचे आहेत. उघड्यावर दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात, आणि ठिसूळ असल्यामुळे फळी फुगली की मान तुटून डोकं वेगळं होतं.

काळे डाग काढायला ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी चालतं. ते विषारी असतं. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलं आणि कुत्री लांब ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुवा. पण डाग काढण्याआधी स्क्रू बदला, नाहीतर महिनाभरात डाग परत हजर.

पाचवी: स्क्रू आवळून बघा

इथपर्यंत काही उघडलं नव्हतं. आता दीडशे मिलिमीटर लांबीचं चांदणीच्या टोकाचं बारीक बिट लागेल, बहुतेक क्लिपांना टी-१५ किंवा टी-२० बसतं. शक्यतो हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने करा. ड्रिल वापरलंत तर क्लच अगदी कमीवर. ठोके देणारं इम्पॅक्ट मशीन या कामाला नको; त्याने क्लिप वाकते आणि खाचेचा ओठ दाबून फोडला जातो.

स्क्रू पाव-अर्धा फेरा फिरून बसला तर ठीक, पुढचा बघा. कोणताही अडथळा न लागता फिरतच राहिला तर पकड गेलीय. लाकडी जॉइस्ट असेल तर जुना स्क्रू काढून सागाची बारीक खुंटी पाण्यात टिकणाऱ्या गोंदात बुडवून भोकात ठोका, एक दिवस वाळू द्या, पुन्हा बारीक भोक पाडून स्क्रू लावा. काडेपेटीच्या काड्या भरू नका, त्या पहिल्याच पावसात भुसा होतात. लोखंडी पाइप असेल तर त्याची जाडी बघा. सव्वा-दीड मिलिमीटरच्या पत्र्यात स्क्रूचा एखाद-दुसराच आटा धरतो. तिथे एक नंबर जाड स्क्रू, आणि तोही जुन्या भोकापासून वीस-पंचवीस मिलिमीटर बाजूला सरकवून.

फळी लांबीत सरकत असेल तर क्लिपचा दोष नाही. क्लिप फळीला वर उचलू देत नाही, लांबीत ती नुसत्या घर्षणावर धरते. प्रत्येक फळीला मधोमध एका ठिकाणी खाचेतून तिरका स्क्रू मारून बांधायला हवी. एकाच ठिकाणी.

सहावी: पाणी आणि हवा

एक बादली पाणी डेकच्या उंच बाजूला ओता आणि ते कुठून बाहेर येतं ते बघा. पाच मिनिटांत टेरेसवरचं पाणी निघतं त्या जाळीपाशी दिसलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी टॉर्च घेऊन खाली बघा. चोवीस तासांनंतरही पाणी किंवा ओल असेल तर उतार नाही, किंवा जॉइस्ट पाण्याला आडवी टाकली आहे. फळीच्या कडा वर उचलण्यामागेही हेच असतं: खालची बाजू ओली राहून फुगते, वरची उन्हात आकसते, मग कडा वर येणारच. ती फळी उलटी करून लावली तर चार महिने सरळ दिसते आणि परत तशीच होते. खालची ओल गेली तरच ती सुधारते.

डेकच्या चारही बाजू पट्ट्या मारून बंद केल्या असतील तर समोरासमोरच्या दोन बाजूंना हवा खेळायला जाळी ठेवा. त्र्यंबक, अंजनेरीकडचा पाऊस शहरापेक्षा कितीतरी जास्त, तिकडे तर मी बाजूच्या पट्ट्या मुळातच लावत नाही.

फार्महाऊसवर डेकखाली हात घालायचा नाही. विंचू, साप आणि गांधीलमाश्यांची पोळी यांना ती जागा आवडते. आधी लांब काठी, मग टॉर्च, मग गमबूट घातलेला माणूस.

सातवी: शेवटची फळी काढून आत बघा

एवढं करूनही आवाज राहिला तर उघडावं लागतं. सुरुवात नेहमी शेवटच्या फळीपासून, जिच्यावर वरून स्क्रू मारून लाकडी बुच बसवलेले असतात. बुचाच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यात स्क्रू फिरवला की बुच वर येतो.

फळी निघाली की तीन गोष्टी बघा. खाचेत क्लिपच्या जागी चकाकणारा, दबलेला ठसा आहे का? एक मिलिमीटरच्या आत असेल तर क्लिप तीस-चाळीस मिलिमीटर बाजूला, चेच न पडलेल्या जागी सरकवून लावली की फळी पुन्हा घट्ट बसते. जॉइस्टच्या रुंदीत तेवढी जागा नसेल, तर फळीच थोडी लांबीत सरकवून घ्या. दुसरं, खालच्या ओठाला लांबीत चीर आहे का? चीर असेल तर त्या फळीचा तो भाग निकामी. गोंद लावून टिकत नाही, मी करून पाहिलंय. तिसरं, जॉइस्टच्या वरच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त सहज आत गेलं तर लाकूड कुजतंय. लोखंडी पाइप असेल तर हातोडीचा हलका ठोका द्या; खणखणीत वाजला तर बरा, भद्द वाजून पापुद्रे निघाले तर तो आतून गेला.

उघडलंच आहे तर जॉइस्टच्या माथ्यावर ब्युटाइलची, म्हणजे पाणी न शिरू देणारी चिकट रबरी पट्टी चिकटवून घ्या, आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना व खाचेच्या आत तेलाचे दोन हात द्या. लाकूड टोकाकडून कितीतरी पट वेगाने पाणी पितं. वरच्या चकचकीत बाजूला दरवर्षी तेल लावणारे पुष्कळ आहेत, पण खाचेत आणि टोकांना लावलेलं मी क्वचित पाहतो.

मधली एकच फळी काढायची असेल तर

छुप्या क्लिपची ही सगळ्यांत अवघड बाजू, आणि हे काम नवख्याने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांचा हात करवतीवर बसलेला आहे त्यांच्यासाठी सांगतो.

खाच सलग असेल तर त्या फळीच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या क्लिपांचे स्क्रू पूर्ण काढा आणि सुट्या झालेल्या क्लिपा पातळ पट्टीने फटीतून ढकलत फळीच्या उघड्या टोकाकडून बाहेर काढा. मग फळी सरळ उचलता येते. टोक भिंतीला अडलेलं असेल तर हे जमत नाही. तिथे गोल करवतीची खोली फळीच्या जाडीपेक्षा एक मिलिमीटर कमी ठेवून, दोन्ही कडांपासून किमान तीस मिलिमीटर आत, लांबीत दोन चिरा घ्यायच्या. मधली पट्टी पटाशीने उचलून काढायची आणि कडेच्या दोन पट्ट्या आत ओढून घ्यायच्या. करवत क्लिपला लागली तर दाता उडून डोळ्यात येतो, म्हणून ते तीस मिलिमीटर.

नवी फळी बसवताना तिच्या एका बाजूच्या खाचेचा खालचा ओठ कापून टाका. दुसरी बाजू शेजारच्या क्लिपांमध्ये सरकवा, मग कापलेली बाजू वरून खाली टेकवा. त्या बाजूला क्लिपची पकड राहत नाही, म्हणून प्रत्येक जॉइस्टवर वरून स्क्रू आणि त्यावर त्याच लाकडाचा बुच, रेषा जुळवून. काही मालक वरून स्क्रू म्हटलं की नाराज होतात. माझ्या मते नीट बसवलेला बुच वाजणाऱ्या फळीपेक्षा केव्हाही सुंदर. पायरीच्या पुढच्या कडेला तर मी छुपी क्लिप वापरतच नाही. तिथे सगळं वजन कडेवर येतं आणि माणूस उतरताना पडू शकतो.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

जॉइस्ट कुजलेली किंवा गंजून पापुद्रे सुटलेली दिसली, आणि डेक जमिनीपासून उंच आहे किंवा बाल्कनीसारखा बाहेर काढलेला आहे, तर त्याच क्षणी त्यावर वावर बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. सुताराला नाही, मलाही नाही. ती जॉइस्ट किती भार घेईल हे सांगणं माझं काम नव्हे. कठडा हलत असेल तरी हेच.

खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली असेल तर डेकला हात लावू नका. आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवा. टेरेसच्या स्लॅबमध्ये डेकसाठी कोणीही भोक पाडू देऊ नका, कारण स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर असतो. एकदा तो फुटला की पाणी कुठे शिरतं आणि कुठे निघतं याचा पत्ता लागत नाही.

डेकमध्ये दिवे बसवलेले असतील तर स्क्रूला हात घालण्याआधी मेन बंद करा. पावसात ते दिवे लावले की ट्रिप होत असेल, किंवा फळीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल, तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत त्या बाजूला कोणी जायचं नाही.

वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या मोडू नका. तशाच ठेवून पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा, म्हणजे ती कुठून येतेय ते त्याला कळतं.

फुटलेले ओठ तीनपेक्षा जास्त फळ्यांत सापडले, किंवा निम्म्याहून जास्त स्क्रूंना चुंबक घट्ट चिकटलं, तर एकेक फळी दुरुस्त करत बसू नका. डेक भिंतीपासून पूर्ण उघडून पुन्हा बसवावा लागेल. फळ्यांना नंबर टाकून काढल्या तर बहुतेक परत वापरता येतात, चांगला जुना साग टाकून द्यायचं कारण नाही.

मिस्त्रीला फोन करण्याआधी चार फोटो काढून ठेवा: खडूच्या फुल्यांसकट अख्खा डेक वरून, फटीतल्या स्क्रूचा जवळून, फळीच्या टोकाचा वर्तुळं दिसतील असा, आणि बादली ओतल्यावर दुसऱ्या दिवशी खालच्या बाजूचा. सोबत फटींच्या मापांचा कागद. एवढं हातात असलं की काय काय सामान आणायचं ते येणाऱ्याला आधीच कळतं, आणि तुमचा एक फेरीचा खर्च वाचतो.